पाइप न लावता गाडी धुताना : स्प्रेने गाडी स्वच्छ करण्याची, चरे न पडणारी पद्धत

पुण्यामुंबईच्या अनेक सोसायट्यांत पार्किंगमध्ये पाइप लावून गाडी धुण्यास मनाई असते. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की बादलीवरही बंधने येतात, आणि मग पाण्याविना गाडी स्वच्छ करण्याचा स्प्रे घरात येतो. बाटलीवर सूचना दोन-तीन ओळींत आटोपलेल्या असतात. त्यांवर विसंबून धुळीने माखलेल्या बॉनेटवर चार फवारे मारले जातात, हाताशी असलेला पिवळा फडका गोल गोल फिरवला जातो, आणि काही महिन्यांनी गाडी उन्हात उभी केली की काळ्या किंवा गडद निळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसू लागतात. त्याचा दोष स्प्रेला दिला जातो. प्रत्यक्षात हे चरे फडका आणि पत्रा यांच्यामध्ये अडकून ओढल्या गेलेल्या धुळीचे असतात.

गाडीच्या रंगावर पारदर्शक असा क्लिअर कोटचा थर असतो आणि बहुतेक गाड्यांवर त्याची जाडी ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी असते. रस्त्यावरच्या आणि बांधकामाच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. त्यापुढे क्लिअर कोट अगदी मऊ ठरतो. स्प्रेमधील द्रव दोन कामे करतो : तो धुळीच्या कणाला भिजवून पृष्ठभागापासून सुटा करतो, आणि कण व रंग यांच्यामध्ये निसरडा थर तयार करतो. खाली दिलेली प्रत्येक पायरी हा निसरडा थर टिकवण्यासाठी आणि सुटलेला कण पुन्हा रंगावर न घासता कापडात उचलून घेण्यासाठी आहे. म्हणून पायऱ्यांचा क्रम बदलू नये.

१. गाडी या पद्धतीस योग्य आहे का, हे आधी ठरवा

सर्वाधिक चुका या पहिल्याच निर्णयात होतात, आणि येथे चुकलेले पुढे कितीही काळजीने पुसले तरी सावरता येत नाही.

आठवडाभर झाकलेल्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीवरची पातळ धूळ, बोटांचे ठसे, पावसाच्या थेंबांचे वाळलेले हलके डाग आणि शहरातल्या रोजच्या प्रवासाचा काजळीमिश्रित थर हे सर्व स्प्रेने निघते. चिखल, वाळू, सिमेंट आणि चुना यांना मात्र स्प्रे लावू नये. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीच्या दारांवर जांभ्या मातीचा लाल राडा सुकलेला असतो, अलिबाग किंवा काशीदच्या किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीवर खारट ओलाव्यासह वाळू चिकटलेली असते, आणि शेजारी इमारतीचे काम चालू असेल तर टपावर सिमेंटची पूड बसलेली असते. अशा वेळी मळाचा थर इतका जाड असतो की बाटलीतील द्रव खालपर्यंत पोहोचतच नाही. वरचा भाग ओला होतो आणि रंगाला टेकलेले कण कोरडेच राहतात. अशी गाडी आधी भरपूर पाण्याने धुवावी, त्यासाठी वॉशिंग सेंटरला न्यावे लागले तरी चालेल.

ठरवायचे कसे? मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बॉनेटकडे पाहा. धुळीच्या आतून रंग स्पष्ट दिसत असेल तर स्प्रे चालेल. रंग झाकला गेला असेल किंवा कण वेगवेगळे उठून दिसत असतील तर चालणार नाही.

सावधान : धूळ किती आहे हे पाहण्यासाठी बोटाने रेघ ओढू नका. ती रेघ धूळ पुसल्यावरही रंगावर दिसू शकते. कोरड्या फडक्याने किंवा पिसांच्या झाडूने आधी धूळ झटकून घेण्याची सवयही याच कारणाने सोडून द्यावी.

गाडीचा वरचा आणि खालचा भाग स्वतंत्रपणे तपासावा. टप, बॉनेट आणि काचा स्प्रेस योग्य असतात, पण चाकांमागचा पत्रा, दारांचा खालचा वीतभर भाग आणि मागचा बंपर यांवर खडीचा चुरा आणि डांबराचे ठिपके असतात. तेव्हा वरचा भाग स्प्रेने करावा आणि खालच्या भागावर आधी दोन-तीन तांबे पाणी हळू ओतून सुटी माती वाहू द्यावी. सोसायटीचा नियम पाइपविषयी असतो. तांब्याने ओतलेल्या एवढ्या पाण्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. पावसाळ्यात तर मोठी सर येऊन गेल्यानंतर सुटी धूळ वाहून गेलेली असते आणि पत्रा ओलाच असतो. गाडी आडोशाला घेऊन त्याच वेळी स्प्रे मारून पुसल्यास काम सर्वात सुरक्षित होते.

२. कापडे : द्रवापेक्षा यांवर अधिक खर्च करा

महागडी बाटली आणि दोन फडकी अशी खरेदी सर्रास होते. माझ्या मते ती उलटी हवी. साधारण प्रतीचा द्रव आणि भरपूर चांगली कापडे असतील तर रंग वाचतो. उत्तम द्रव आणि एकच कापड असेल तर वाचत नाही.

कापड मायक्रोफायबरचेच घ्यावे. त्याचे तंतू चिरलेले असतात आणि त्यांच्या फटींत कण शिरून बसतात. सुती फडक्यात कण पृष्ठभागावरच राहतो आणि घासला जातो. जुने बनियन, पंचा, पिवळे डस्टर आणि शॅमॉय कातडे या कामातून पूर्णपणे वगळावीत. शॅमॉय सपाट असते. त्यात कणाला लपायला जागाच नसते.

मळ उचलण्यासाठी ३०० ते ४०० जीएसएमचे (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन), दोन्ही बाजूंनी लव असलेले, ४० सेंटिमीटर चौरस कापड सोयीचे पडते. शेवटी कोरडे पुसून चमक आणण्यासाठी त्याहून दाट लवेची दोन कापडे वेगळी ठेवावीत. काचेसाठी कमी लवेचे, सपाट विणीचे कापड लागते. हॅचबॅक गाडीला सर्व मिळून किमान १० कापडे, मोठ्या एसयूव्हीला १४-१५ असावीत. हा आकडा अनेकांना अवाजवी वाटतो, पण एका पत्र्यावरचा मळ दुसऱ्यावर न नेण्याचा दुसरा कोणताही मार्ग या पद्धतीत नाही, कारण येथे कापड खळबळायला बादली नसते.

नवी कापडे वापरण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावीत, म्हणजे सुटी लव निघून जाते. कडेला शिवलेले लेबल कात्रीने किंवा टाके उसवून काढून टाकावे, कारण त्याच्या कडक कडा आणि टोके रंगाला लागतात.

प्रत्येक कापडाची घडी दोनदा घालावी. अशा चौपदरी घडीतून ८ स्वच्छ पृष्ठभाग मिळतात. पुसताना ते क्रमाने उलटत जायचे असतात, त्यामुळे गाडीला हात लावण्यापूर्वीच सर्व कापडांच्या घड्या घालून स्वच्छ पाटावर किंवा डब्यात रचून ठेवाव्यात. वापरलेल्या कापडांसाठी वेगळी पिशवी टांगावी.

तपासणी : प्रत्येक कापड तळहाताच्या मागच्या बाजूवरून फिरवून पाहा. काडी, गवताचे कूस किंवा खडा टोचला तर ते कापड चाकांच्या कामाला टाका.

३. द्रव आणि त्यात मिसळायचे पाणी

बाजारात दोन प्रकार मिळतात. पहिला तयार स्प्रे, जो थेट वापरायचा असतो; हॅचबॅकला त्याचा साधारण १५० ते २५० मिलीलिटर एवढा वापर होतो. याहून फारच कमी लागत असेल तर काटकसर रंगाच्या जिवावर चाललेली आहे असे समजावे. दुसरा प्रकार म्हणजे पाण्यात मिसळून वापरायचा, पण नंतर धुवावा न लागणारा अर्क. त्याचे प्रमाण उत्पादनानुसार वेगळे असते. अशा अर्कांमध्ये बादलीसाठी १ भागास २५६ भाग पाणी, म्हणजे ४ लिटरमध्ये साधारण १५ मिलीलिटर, असे प्रमाणही असते, आणि स्प्रेच्या बाटलीसाठी तोच अर्क याहून दाट करतात. लेबलवरचे प्रमाण पाळावे. अंदाजाने जास्त ओतल्यास अधिक स्वच्छता होत नाही, फक्त पत्र्यावर चिकट ओघळ राहतात.

अर्क मिसळण्यासाठी बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी वापरल्यास सुकताना पांढरे ठिपके उमटतात. पिण्याचे आरओचे पाणी उत्तम. येथे एक चूक वारंवार होताना दिसते : आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक तेच बाटलीत भरतात. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला असला तरी त्या पाण्यात क्षारांचे प्रमाण मूळ पाण्यापेक्षाही जास्त असते. ते फरशी पुसायला वापरावे, गाडीला नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. स्वच्छ कापडातून गाळून घेतल्यास ते या कामाला चालते.

सावधान : भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर किंवा नेहमीचा कार शाम्पू पाण्यात विरघळवून स्प्रेसारखा वापरू नका. हे पदार्थ नंतर भरपूर पाण्याने धुण्यासाठी बनवलेले असतात. पत्र्यावर सुकले की डाग पाडतात. काही गॅरेजमध्ये चमकेसाठी डिझेलचा बोळा फिरवतात. त्याने रबरी पट्ट्या खराब होतात आणि तेलकट पृष्ठभागावर धूळ अधिक वेगाने बसते.

गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर वेगळा लावून घेतलेला संरक्षक थर, असेल तर मेण नसलेला द्रव घ्यावा, आणि मॅट रंग असेल तर ‘चमक देणारा’ असे लिहिलेली कोणतीही बाटली दूर ठेवावी. मॅट पृष्ठभागावर चमकीचे पट्टे पडले तर ते काढणे कठीण जाते.

४. वेळ आणि जागा

पत्रा थंड हवा. तापलेल्या पत्र्यावर द्रव काही सेकंदांत सुकतो, निसरडा थर नाहीसा होतो आणि त्यानंतरचे प्रत्येक पुसणे कोरड्या धुळीवरचे ठरते. तळहात बॉनेटवर न घासता अलगद टेकवा. ऊब जाणवली तर थांबा. प्रवासाहून आलेली गाडी सावलीत असली तरी इंजिनामुळे बॉनेट गरमच असते, म्हणून किमान अर्धा तास जाऊ द्यावा. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत हे काम सूर्य वर येण्यापूर्वी किंवा रात्री दिव्याखालीच करावे. वारा सुटलेला असताना उघड्यावर करू नये, कारण नुकत्याच ओल्या केलेल्या पत्र्यावर नवी धूळ येऊन बसते.

५. आधी भिजवायचे डाग

पुसायला सुरुवात करण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून चिकटलेले डाग शोधावेत. पक्ष्यांची विष्ठा, वटवाघळांनी टाकलेला फळांचा चोथा, द्रुतगती मार्गावरून आल्यावर पुढच्या बंपरवर आपटून सुकलेले किडे आणि झाडाखाली उभ्या गाडीवर पडणारा चिकट रस हे एका फवाऱ्यात निघत नाहीत.

विष्ठेतील यूरिक आम्ल क्लिअर कोटला इजा करते आणि उन्हात ही इजा लवकर होते. शिवाय दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या विष्ठेत बारीक खडे आणि दाण्यांची टरफले असतात. त्यामुळे ती घासायची तर नाहीच, पण तशीच राहूही द्यायची नाही. टिश्यू पेपर किंवा टाकाऊ कापडाचा तुकडा द्रवात भिजवून डागावर पाच मिनिटे ठेवावा, पुन्हा फवारा मारावा आणि मग तोच तुकडा वरच्या वर चिमटीत उचलून घ्यावा. उरलेला अंश दुसऱ्या ओल्या तुकड्याने टिपावा. घट्ट बसलेला डाग एका वेळी निघाला नाही तर भिजवण्याची वेळ वाढवावी, हाताचा जोर वाढवू नये. सिमेंटचे शिंतोडे आणि डांबराचे ठिपके मात्र या पद्धतीत बसत नाहीत. त्यांना हात न लावता बाजूला ठेवावे.

तपासणी : भिजवलेले सर्व तुकडे टाकून दिले का? त्यांतला एखादा चुकून स्वच्छ कापडांत मिसळला तर पुढच्या पत्र्यावर त्यातील खडे फिरतील.

६. पुसण्याचा क्रम

वरून खाली आणि स्वच्छाकडून मळक्याकडे, हा क्रम आहे : प्रथम टप, मग काचांच्या भोवतालचा पत्रा, बॉनेट, डिकीचा वरचा भाग, दारांचा वरचा अर्धा भाग, त्यानंतर दारांचा खालचा भाग, पुढचा बंपर, मागचा बंपर, आणि अगदी शेवटी चाके. हॅचबॅक आणि एसयूव्ही गाड्यांची मागची बाजू कायम जास्त मळते, कारण गाडी चालताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ त्यात ओढली जाऊन मागच्या दारावर बसते. म्हणून मागचे दार डिकी समजून बॉनेटबरोबर घेऊ नये. त्याला खालच्या भागांच्या रांगेत ठेवावे.

एका वेळी अर्धे बॉनेट किंवा एक दार एवढाच भाग घ्यावा. संपूर्ण बाजू एकदम फवारून मग पुसत जाणे ही घाई महाग पडते, कारण शेवटच्या दारापर्यंत पोहोचेतो तेथील द्रव सुकलेला असतो.

७. फवारा आणि पुसणे

अ) नळीचे तोंड बारीक तुषारांवर ठेवावे, धारेवर नको. सुमारे एक वीतभर अंतरावरून पूर्ण भाग सारखा ओला करावा. धुळीचा रंग गडद होऊन थेंब एकमेकांत मिसळू लागले आणि उभ्या पत्र्यावर किंचित ओघळ येऊ लागले की प्रमाण बरोबर आहे. कोरडे बेट कोठेही राहता कामा नये.

आ) अर्धा मिनिट थांबावे. हा अर्धा मिनिट बहुतेक लोक गाळतात, आणि कण सुटण्याचे काम नेमके तेवढ्यात होत असते. मात्र द्रव सुकू लागताना दिसला तर थांबणे सोडून पुन्हा फवारावे.

इ) कापडाच्या ज्या पृष्ठभागाने पुसायचे त्यावरही एक-दोन फवारे मारावेत. पूर्ण कोरडे कापड पहिल्याच स्पर्शात पत्र्यावरचा द्रव शोषून घेते आणि ज्या ठिकाणी निसरडेपणाची सर्वाधिक गरज असते तेथेच तो नाहीसा होतो.

ई) कापड पत्र्यावर ठेवून एका सरळ रेषेत, एकाच दिशेने न्यावे. पुढची कड किंचित उचललेली असावी, म्हणजे कापड मळाच्या वर चढून त्याला लवेत घेते. कड टेकलेली असेल तर ते मळ पुढे ढकलत नेते. हाताचा दाब देऊ नये. आडव्या पत्र्यावर कापडाचे स्वतःचे वजन पुरते, उभ्या दारावर ते घसरून पडणार नाही एवढाच आधार द्यावा. रेषेच्या शेवटी कापड उचलावे, घडी उलटून नवा पृष्ठभाग घ्यावा आणि आधीच्या पट्ट्याला जरासा झाकत शेजारचा पट्टा घ्यावा. त्याच वाटेने मागे येऊ नये. गोल फिरवू नये.

टप आणि बॉनेट कमी मळलेले असल्यास एका पृष्ठभागावर दोन पट्टे चालतात. दारांच्या खालच्या भागावर एका पट्ट्याला एक पृष्ठभाग हाच नियम.

उ) किंचित ओलसर राहिलेला भाग लगेच दुसऱ्या, दाट लवेच्या कोरड्या कापडाने हलकेच पुसावा. हे कापड फक्त स्वच्छ झालेल्या भागाला लागते. त्यावर करडा रंग दिसू लागला तर पहिल्या कापडाने आपले काम पूर्ण केलेले नाही असे समजून तो भाग पुन्हा फवारावा.

तपासणी : घडी उलटताना आधीचा पृष्ठभाग पाहा. सारखा करडा डाग ठीक आहे. कण चमकताना दिसले किंवा बोटाला रवाळ लागले तर त्या भागावरचे पुसणे थांबवा, दुप्पट द्रव मारा आणि नवे कापड घ्या.

सावधान : जमिनीवर पडलेले कापड झटकून पुन्हा वापरायचे नाही, ते सरळ पिशवीत जाते. पार्किंगच्या फरशीवरचा एक खडा संपूर्ण बॉनेटवर रेघ ओढायला पुरेसा असतो. हाच नियम अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याच्या बक्कलला लावावा. टप पुसण्यासाठी दाराला रेलून उभे राहताना बक्कल घासते आणि चरा कसा पडला हे नंतर कळत नाही.

डाग राहिला की जोर लावण्याची इच्छा होते. ती आवरावी. फवारा, थांबणे आणि नवा पृष्ठभाग हे तिन्ही पुन्हा करावे. एवढ्यानेही तो निघाला नाही तर तो पाचव्या पायरीतला डाग आहे आणि त्याला भिजवणेच लागेल.

८. काचा

मेण किंवा सिलिकॉन असलेला स्प्रे पुढच्या काचेवर लावल्यास पातळ थर राहतो, रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्यावर पसरतात आणि पहिल्या पावसात वायपर थरथरत फिरतो. त्यामुळे काचेसाठी वेगळा द्रव आणि वेगळे सपाट कापड ठेवावे. आधी वायपर उचलून त्यांच्या रबराची कड ओल्या कापडाने पुसावी. कापडावर किती काळे येते ते पाहिल्यास काच का स्वच्छ राहत नाही याचा उलगडा होतो. वायपरखालच्या प्लास्टिकच्या जाळीत वाळकी पाने साचतात, ती हाताने वेचून काढावीत. काच बाहेरून उभ्या आणि आतून आडव्या पट्ट्यांत पुसली तर राहिलेला ओघळ कोणत्या बाजूचा आहे हे लगेच ओळखता येते.

मागचा कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर यांवर थेट फवारा न मारता ओलसर कापडाने टिपावे. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या चार्जिंगच्या झडपेच्या आतही फवारू नये.

९. चाके

चाके शेवटी, आणि फक्त निवृत्त केलेल्या कापडांनी. ब्रेकची धूळ म्हणजे पॅड आणि डिस्क यांचा झिजलेला चुरा असतो, त्यात लोखंडाचे कण असतात. या कामाला लागलेले कापड पुन्हा कधीही पत्र्याला लावू नये. ओळखण्यासाठी त्याच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवावी किंवा सरळ वेगळ्या रंगाची कापडे घ्यावीत.

सावधान : मेणयुक्त द्रव ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर उडता कामा नये. द्रव चाकावर न मारता कापडावर घ्यावा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर चमक देणारे काहीही लावू नये. दुचाकीच्या बाबतीत तर हा जिवाशी संबंधित नियम आहे : स्प्रे मारताना ब्रेकची डिस्क कापडाने झाकून घ्यावी आणि टायरला हातच लावू नये.

१०. शेवटची पाहणी

गाडी सावलीतच ठेवून टॉर्च तिरका धरावा आणि प्रत्येक पत्रा दोन बाजूंनी पाहावा. ढगाळ, तेलकट पट्टे दिसले तर द्रव जास्त झालेला आहे; स्वच्छ कापड साध्या आरओ पाण्याने किंचित ओले करून पुसल्यास ते जातात. मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पुसलेल्या बॉनेटवरून बोटे अलगद फिरवावीत. स्वच्छ दिसणारा पृष्ठभाग खरखरीत लागला तर रंगात रुतलेले कण आहेत, आणि ते स्प्रेने निघणारे नाहीत; त्यांसाठी क्ले, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ वडी, लावणाऱ्या जाणकाराकडे जावे. दारांच्या आतल्या चौकटी आणि इंधनाच्या झाकणामागची जागा या वेळी कमी मळलेल्या वापरलेल्या कापडांनी पुसून घ्यावी.

धूळ जास्त असेल पण पाइप नसेल तर : एका बादलीची रीत

पहिल्या पायरीत गाडी सीमेवरची ठरली, म्हणजे चिखल नाही पण धूळ तयार स्प्रेला जड जाईल एवढी आहे, तर धुवावा न लागणारा अर्क बादलीत ४ ते ५ लिटर पाण्यात मिसळावा आणि त्यात ८ ते १० कापडे बुडवून ठेवावीत. पत्र्यावर आधी स्प्रे मारून थांबावे, मग बादलीतले एक कापड काढून, हलकेच पिळून, घडी घालून वर सांगितलेल्या सरळ पट्ट्यांनीच पुसावे आणि मागोमाग कोरड्या कापडाने टिपावे. वापरलेले कापड पुन्हा बादलीत टाकायचे नाही, एवढे एकच पथ्य या रीतीत आहे आणि तेच सर्वाधिक मोडले जाते. एकदा मळके कापड आत गेले की बादलीतली सर्व कापडे मळकी होतात. खरे सांगायचे तर महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांची धूळ पाहता वर्षातले आठ महिने तयार स्प्रेपेक्षा हीच रीत मी सुचवेन.

११. कापडे धुणे

काम संपल्यावर कापडे तशीच डिकीत टाकून दिली तर मळ सुकून तंतूंत बसतो आणि पुढच्या वेळी तीच कापडे रंगाला घासतात. ती त्याच दिवशी, सुती कपड्यांपासून वेगळी, पातळ डिटर्जंटने धुवावीत. सुती कपड्यांची लव मायक्रोफायबरमध्ये अडकून राहते. पावडर नीट न विरघळता दाण्यांच्या रूपात राहू शकते, म्हणून ती नको. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव मुळीच घालू नयेत. त्यांचा थर तंतूंवर बसून कापड पाणी आणि मळ दोन्ही धरेनासे होते. पाणी कोमट असावे, उकळते नको. दगडावर आपटणे आणि इस्त्री करणे टाळावे. सावलीत, धूळ उडणार नाही अशा ठिकाणी वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. चाकांची कापडे वेगळी धुऊन वेगळ्या डब्यात ठेवावीत.

सोसायटीत रोज गाडी पुसून घेत असाल तर

वरील सर्व काळजी महिन्यातून दोनदा घेतली आणि उरलेल्या दिवशी सकाळी एका बादलीत, एकाच फडक्याने, ओळीने सर्व गाड्या पुसल्या जात असतील तर चरे थांबणार नाहीत. यात गाडी पुसणाऱ्या माणसाचा दोष नसतो. एका सकाळी त्याला कित्येक गाड्या उरकायच्या असतात आणि प्रत्येक गाडीला नवे पाणी मिळत नाही. त्याच्याशी मोकळेपणाने बोलून काम बदलून घ्यावे : रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि नंबर प्लेट पुसायच्या, पत्र्याला हात लावायचा नाही, आणि ठरलेल्या दिवशी आठवड्यातून एकदा आपली कापडे व आपली स्प्रेची बाटली देऊन पूर्ण गाडी करून घ्यायची. पैसे तेवढेच द्यावेत, कारण नीट केलेल्या एका दिवसाला त्याचा वेळ जास्त जातो. पहिल्या वेळी शेजारी उभे राहून घडी उलटणे आणि सरळ पट्टा या दोन गोष्टी करून दाखवाव्यात, आणि मळक्या कापडांची पिशवी घेऊन ती घरी धुण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवावी.